दुसरं कुठे गेलं?

जेलमावशींना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या त्या दवाखान्यात, सोनोग्राफीच्या खोलीत, बायकांच्या पोटावर जेल लावायचं त्यांचं काम, म्हणून जेलमावशी. एकदा सुनेबरोबर आलेल्या एका आजींनी ते नाव ऐकलं आणि सुनेच्या कानाशी लागून विचारलं, "कशासाठी गेली होती गं जेलात? चेहऱ्यावरून तर बरी वाटते." मावशींचे कान तिखट. "एकोणीस वर्षं झाली, आजी," त्या चादर झटकत म्हणाल्या, "अजून सुटका नाही."

खोली दुसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीची. एक टेबल, एक मशीन, एक हिरवा पडदा, पडद्यामागे कपडे बदलायला हातभर जागा. सकाळी आठला येऊन मावशी पहिल्यांदा जेलच्या बाटल्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. थंडगार जेल पोटावर पडलं की बाई दचकते, आणि इथे येणारी बाई आधीच पुरेशी दचकलेली असते. मग चादरी, कागदी रुमाल, आतून तपासायच्या प्रोबवर चढवायची रबरी टोपणं. पोटावरून तपासायचं असेल तर लघवी धरून ठेवायची, आतून तपासायचं असेल तर करून यायची. आणि नेमकं उलटं ऐकून आलेल्या रोज चार तरी बायका असायच्याच. त्यांना न ओरडता परत पाठवणं, पाणी पाजणं, कुणाच्या चपला सरळ करून ठेवणं, कुणाचा हात धरणं, हे सगळं मावशींच्या अंगवळणी पडलं होतं.

बोलणं मात्र नाही. स्क्रीनवर काय दिसतंय याबद्दल तर एक अक्षर नाही.

एकोणीस वर्षं रोज तीस-चाळीस पोटं बघितल्यावर दगडालाही त्यातलं कळायला लागेल. काळं म्हणजे पाणी, पांढरं म्हणजे हाड, मधलं करडं म्हणजे मांस. इंजेक्शनं देऊन वाढवलेली बीजं कशी द्राक्षांच्या घडासारखी दिसतात, रिकामी पिशवी कशी, भरलेली कशी, सगळं मावशींना कळायचं. पण तिसऱ्याच वर्षी त्यांना असा चटका बसला होता की तोंडाला कायमचं कुलूप लागलं. जुळी असलेली एक शाळामास्तरीण टेबलावर होती. डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले होते. "दिसतायत का हो दोन्ही?" तिनं विचारलं. मावशींनी स्क्रीनकडे पाहिलं, दोन आकृत्या दिसल्या, आणि त्या म्हणाल्या, "दोन्ही मजेत आहेत." चित्र थांबवून ठेवलेलं होतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. डॉक्टर परत आले, चित्र चालू झालं, आणि दोघांतल्या एकाचे ठोके आठवड्यापूर्वीच बंद पडल्याचं निघालं. मास्तरीण रडली नाही. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "मग तुम्ही तसं का म्हणालात?"

त्या दिवसापासून स्क्रीन आणि मावशींची जीभ यांचा संबंध तुटला.

या नोकरीआधी त्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. ओल्या चादरींची ओझी उचलून मशीनमध्ये टाकायची, सुकली की घड्या घालायच्या. तेहतीस वर्षांच्या असताना एकदा पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या आणि त्याच दिवशी उजवा खांदा धरला. ओझ्यानं धरला असेल म्हणून त्यांनी तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चादरींच्या ढिगावरच त्या कोसळल्या. गर्भ पिशवीत न राहता नळीत रुजला होता. नळी फुटली होती आणि पोट रक्तानं भरलं होतं. आपल्याला दिवस गेले होते हे त्यांना शुद्धीवर आल्यावर कळलं, तेही गेल्यावर. पोटात साचलेलं रक्त वर सरकून छातीखालच्या पडद्याला टोचतं आणि ते खांद्यात दुखतं, असं तिथल्या सर्जननं समजावून सांगितलं होतं. दुसरी नळीही खराबच निघाली. शाळेत शिपाई असलेला त्यांचा नवरा उशाशी बसून म्हणाला, "तू राहिलीस ना? झालं तर." त्यानंतर त्या दोघांनी हा विषय पुन्हा काढला नाही. दवाखान्यात तर हे कुणालाच माहीत नव्हतं.

काचवाली पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. नवराबायकोचं काचांचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे, फ्रेमा. मोजमाप आणि ने-आण नवऱ्याकडे, कापणं हिच्याकडे. "त्यांचा हात थरथरतो," ती मावशींना सांगायची. "काचेवर रेघ एकदाच मारायची असते. दुसऱ्यांदा मारायला गेलात की तुकडे." अडतीस वर्षांची, सडपातळ, बोलकी. अकरा वर्षांच्या संसारात पाळणा हलला नव्हता. दोनदा उपचार फसले होते. प्रत्येक वेळी तेच चक्र: रोज पोटात इंजेक्शन, एक दिवसाआड सोनोग्राफी, बीजं काढायची, बाहेर गर्भ तयार करायचे, पिशवीत सोडायचे आणि दोन आठवडे श्वास रोखून बसायचं. तिसऱ्या खेपेला मोठ्या बाईंनी, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी, तिच्या पिशवीत दोन गर्भ सोडले.

"दोन्ही राहिले तर?" तिनं विचारलं होतं.

"तर दोन पाळणे," मोठ्या बाई म्हणाल्या.

सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पिशवीत एकच गर्भ दिसला, पण ठोक्यांसकट. धाकटे डॉक्टर, म्हणजे रोजच्या सोनोग्राफी करणारे तरुण डॉक्टर, हसून म्हणाले, "एक लागलंय, दुसरं नाही लागलं. पण एक पुरे की!" काचवालीनं मावशींचा हात असा दाबला की तिच्या बोटाची चिकटपट्टी मावशींच्या हाताला चिकटून आली. त्या दिवशी सगळ्यांनाच आनंद झाला. शोधत होतो ते सापडलं की माणूस शोधायचं थांबवतो, तसंच झालं.

आठ दिवसांनी ती परत आली ती दुपारी, आगाऊ वेळ न घेता. रात्रीपासून पोटात दुखत होतं. बाहेर बाकांवर बसायला जागा नव्हती. मोठ्या बाई वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या आणि धाकट्या डॉक्टरांचं सकाळपासून पाणी प्यायचंही झालं नव्हतं. दीड तासानं तिचा नंबर लागला.

मावशींनी प्रोबवर टोपण चढवलं, जेल लावलं, चादर सरळ केली. स्क्रीनवर पिशवी दिसली. पिशवीत बोटाच्या पेराएवढं ते, आणि त्यात लुकलुक, लुकलुक.

"हे बघा, ठोके उत्तम," धाकटे डॉक्टर म्हणाले. त्यांनी प्रोब थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवला. "बीजकोश सुजलेत, इंजेक्शनांमुळे. पोटात थोडं पाणीही झालंय. म्हणून दुखतंय. विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, गोळी लिहून देतो."

"काळजीचं काही नाही ना?"

"बाळ मजेत आहे."

मावशींनीही मास्तरणीला हाच शब्द दिला होता, मजेत. त्या स्क्रीनकडे बघत होत्या. उजव्या बाजूचा बीजकोश फुगून सगळी जागा अडवून बसला होता, आणि त्याच्या मागचं पाणी त्यांना नीट काळं वाटत नव्हतं. गढूळ होतं. तळाशी गाळ बसल्यासारखं. पण डॉक्टरांनी बटण दाबलं आणि चित्र गेलं.

पडद्यामागे कपडे घालायला मावशींनी तिला आधार दिला. तिचा तळवा गार होता. वरच्या ओठावर घाम होता.

"मावशी, खांदा पण धरलाय बघा," ती म्हणाली. "हा उजवा. आडवी झाले की जास्तच."

मावशींचा तिच्या बटणावरचा हात थांबला. "काही उचललंस का?"

"मी? दोन महिने हातात काच धरलेली नाही. नवरा पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही." ती ओढूनताणून हसली. "झोपून झोपून धरला असेल."

मावशींनी उरलेली बटणं लावली. काचवाली चपला घालून, एका हातानं भिंतीचा आधार घेत बाहेर गेली आणि पुढची बाई आत आली.

मावशी पुढच्या बाईला जेल लावायला गेल्या. अर्धं जेल चादरीवर सांडलं. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोळ्यांसमोर धुलाईखाना होता, ओल्या चादरींचा वास होता. ती बाई तपासून बाहेर पडेपर्यंत पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं मावशींनी स्वतःशी भांडण्यात घालवली. मी कोण? चौथीपर्यंत शिकलेली. एकदा तोंड उघडलं होतं तेव्हा काय झालं होतं? आणि या वेळीही चूक निघाली तर? मग मनात आलं, आणि नाही निघाली तर?

दार लोटून घेऊन त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मघाच्या त्या काचवालीला परत बघा."

"का?"

"तिचा खांदा दुखतोय."

डॉक्टर डोळे चोळत होते. "मावशी, माझाही दुखतोय."

"पोटातलं पाणी काळं नव्हतं, डॉक्टर. गढूळ होतं."

आता त्यांनी मान वर केली. रागानं नाही, आश्चर्यानं. "तुम्ही कधीपासून रिपोर्ट द्यायला लागलात?"

लहान तोंडी मोठा घास होत होता, पण घास घेतला होता. आता थुंकता येत नव्हता. "दोन सोडले होते ना?" मावशी म्हणाल्या. "एक पिशवीत दिसतंय. दुसरं कुठे गेलं?"

"लागलं नाही. बहुतेक वेळा लागतच नाही. तुम्हाला काय माहीत नाही?"

"लागलं नाही हे कशावरून?"

डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाहेर बावीस जणी आहेत, मावशी. पिशवीत गर्भ आहे, ठोके आहेत. पिशवीत एक आणि नळीत एक असं हजारात एखादीचं होतं. पुढच्या पेशंटला बोलवा."

मावशींनी हातातली जेलची बाटली टेबलावर ठेवली आणि त्या दार उघडून बाहेर पडल्या. पाठीमागून "मावशी!" अशी हाक आली. त्या थांबल्या नाहीत.

लिफ्ट वर तिसऱ्या मजल्यावर होती, वाट बघायला वेळ नव्हता. मावशी जिन्यानं निघाल्या. छप्पन्न वर्षांचे गुडघे, रबरी चपला आणि ओल्या फडक्यानं नुकत्याच पुसलेल्या पायऱ्या. शेवटच्या वळणावर पाय सटकला. कठड्याला लोंबकळून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. रिसेप्शनवरचा माणूस ओरडला, "मावशी, आग लागली का?"

"काचवाली गेली?"

"आत्ताच बाहेर पडली की."

फाटकाबाहेर काचा न्यायची गाडी उभी होती. तिच्या बाजूला काचा टेकवायची लोखंडी चौकट होती, आज रिकामी. नवरा चालकाच्या जागेवर बसून किल्ली फिरवत होता. मावशींनी समोर जाऊन बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

"अहो, काय हे!" नवरा खाली उतरला. "काही विसरलं का आमचं?"

"तिला परत वर घेऊन चला. पुन्हा बघायला पाहिजे."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

इथं एक छोटंसं खोटं चाललं असतं. मावशींच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण खोटं बोलून आणलेल्या पेशंटला वर कोण हात लावणार? "नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगतेय."

"तुम्ही कोण पण?"

"मी जेल लावते."

नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा लाल झाला. "बाई, दीड तास ताटकळून आत्ता कुठे सुटलोय. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या, तुम्ही म्हणता जिना चढा. आम्ही ऐकायचं कुणाचं? दोनदा पोळलोय आम्ही. तिच्या जिवाला उगाच घोर लावू नका."

"घोर मलाच लागलाय," मावशी म्हणाल्या. "तिचा हात धरून बघा, किती गार आहे."

गाडीतून काचवालीचा आवाज आला. "मी येते. नुसतं बघायचंच आहे ना? बघू दे." तिनं दार उघडलं, पाय खाली टेकले, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलाला तिचे गुडघे वळले. नवऱ्यानं तिला मोठी काच झेलावी तशी दोन्ही तळव्यांवर झेलली. एवढा वेळ चढलेला त्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. "अगं," तो नुसतंच म्हणाला. "अगं."

चाकाची खुर्ची आली. तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवून मावशी स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेल्या. ऑपरेशनच्या खोलीवर लाल दिवा होता. दिवा लागलेला असताना ते दार कुणी वाजवायचं नसतं. मावशींनी ते मुठीनं वाजवलं. नर्सनं फट उघडली. "शुद्धीत आहात ना? आत चालू आहे!"

"मोठ्या बाईंना सांग, काचवालीचं दुसरं नळीत आहे. पोटात रक्त जमतंय."

"कोण म्हणतं?"

"मी."

नर्स आत गेली. आतून मोठ्या बाईंचा आवाज आला, चढा आणि तुटक. "असेल म्हणतेय की आहे म्हणतेय? विचार तिला."

एकोणीस वर्षांची नोकरी, मास्तरणीचा चेहरा, बाहेरच्या बावीस जणी, सगळं त्या एका शब्दावर येऊन बसलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई चार मिनिटांत हातातलं काम उरकून खाली आल्या, टोपी तशीच डोक्यावर. सोनोग्राफीच्या खोलीत धाकटे डॉक्टर आधीच उभे होते. काचवालीला तशा अवस्थेत आत आणलेलं पाहून त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मावशींनी टोपण चढवलं, जेल लावलं. या वेळी थेंबही सांडला नाही.

मोठ्या बाईंनी प्रोब हातात घेतला. प्रोब हळूहळू उजवीकडे जात होता. पिशवी गेली. सुजलेला बीजकोश आला. त्यांनी दुसऱ्या हातानं पोट वरून दाबलं, काचवाली कण्हली, आणि बीजकोश बाजूला सरकला. मागं एक जाड पांढरं कडं होतं. कड्यात काळं. आणि त्या काळ्यात, भिंतीला टेकून, लुकलुक, लुकलुक.

काचवालीनं मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. इतक्या वेळा हे चित्र बघून आता तिलाही त्यातलं कळत होतं.

"हे पहिलंच आहे ना?" ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी प्रोब काढला नाही. "नाही. हे दुसरं आहे. नळीत रुजलंय, आणि नळी फाटायला लागली आहे. आत्ता ऑपरेशन करावं लागेल. आत्ता म्हणजे आत्ता."

"जिवंत आहे ते?"

"हो."

"मग त्याला नळीतून पिशवीत सरकवता नाही का येत?"

हा प्रश्न तिनं इतक्या साधेपणानं विचारला की नवऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही येत. कुणालाच येत नाही. ते ठेवलं तर तू जाशील, आणि पिशवीतलंही जाईल."

"आणि काढलं तर पिशवीतलं राहील?"

"प्रयत्न करीन. शब्द देत नाही."

संमतीच्या कागदावर काचवालीनं सही केली. रेघ सरळ आली. भुलीच्या खोलीच्या दारापर्यंत मावशी खुर्चीबरोबर चालत गेल्या. दारात तिनं त्यांचं मनगट धरलं.

मग थांबणं सुरू झालं. धाकट्या डॉक्टरांनी उरलेल्या बावीस जणींची तपासणी एकट्यानं केली. जेलही स्वतःच लावलं. मावशी काचवालीच्या नवऱ्याशेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसल्या. त्यानं खिशातून मोजपट्टी काढली होती आणि ती तो ओढत होता, सोडत होता. ओढत होता, सोडत होता.

"तुमच्यावर ओरडलो मी," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"ओरडायलाच पाहिजे होतं. माझं काय, मी जेल लावणारी."

"घरी नेली असती तर?"

मावशींनी त्याच्या हातातली मोजपट्टी काढून घेतली.

पावणेदोन तासांनी मोठ्या बाई बाहेर आल्या. दीड लिटर रक्त निघालं होतं. नळी काढून टाकावी लागली. काचवाली वाचली होती. पिशवीतल्याचं आत्ता काही सांगता येत नव्हतं. एवढं रक्त गेलं, भूल दिली, ते टिकलं की नाही ते उद्या सकाळी बघायचं. "जा घरी," त्या मावशींना म्हणाल्या. मावशी घरी गेल्या, जेवायला बसल्या आणि ताटावरून तशाच उठल्या. त्यांच्या नवऱ्यानं ताट झाकून ठेवलं.

सकाळी धाकटे डॉक्टर छोटं मशीन ढकलत काचवालीच्या पलंगापाशी घेऊन आले. ते रात्री घरी गेले नव्हते, असं त्यांच्या शर्टावरून दिसत होतं. जेल गरम करायला वेळ नव्हता. मावशींनी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळली. काचवालीनं डोळे मिटून घेतले होते. तिचा नवरा पायाशी उभा होता.

"मावशी," डॉक्टर हळूच म्हणाले, "स्क्रीन तुम्हीही बघा."

पिशवी आली. पिशवीत ते आलं. हालचाल नव्हती. डॉक्टरांनी प्रोब एका केसाइतका वळवला, थांबले, परत वळवला. मावशी वळणं मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्या की सहाव्या वळणाला करड्यात एक पांढरा ठिपका उघडला, मिटला, उघडला, मिटला.

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली. मगच ते म्हणाले, "ठोके आहेत."

काचवालीनं डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाणी तिच्या कानांत उतरत राहिलं.

त्या आठवड्यात मावशींना दोन गोष्टी मिळाल्या. एक, कामाची जागा परवानगीशिवाय सोडल्याबद्दल लेखी ताकीद. कार्यालयातल्या बाईंनी नियमाप्रमाणे ती काढली होती. मोठ्या बाईंनी ती फाडली नाही, फाइलला लावायला सांगितली. "नियम आहे तो," त्या म्हणाल्या. "तू जागा सोडलीस, हे खरं आहे. आता दुसरं ऐक. उद्यापासून तुला स्क्रीनवर काही खटकलं तर ते पेशंटसमोर नाही, पण डॉक्टरांना सांगायचं. सांगितलं नाहीस तर त्याचीही ताकीद मिळेल." दुसरी गोष्ट धाकट्या डॉक्टरांकडून. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांचा तो स्वभावच नव्हता. पण पिशवीत गर्भ दिसल्यावरही ते आता दोन्ही बाजूंच्या नळ्या शोधल्याशिवाय प्रोब काढत नसत, आणि बाहेरच्या बायका कुरकुरायला लागल्या की मोठ्यानं म्हणत, "थांबा जरा, अजून बघतोय."

काचवालीचे पुढचे महिने काही सुखाचे गेले नाहीत. चौथ्या महिन्यात अंगावर गेलं, दोन आठवडे पलंगावर काढले. सातव्यात रक्तदाब चढला. प्रत्येक सोनोग्राफीला ती यायची, गप्प पडून राहायची, जायची. पूर्वीची बडबड गेली होती. छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, दोन किलो तीनशे ग्रॅम, आणि रडायला दोन मिनिटं लावून तिनं सगळ्यांचा जीव पुन्हा एकदा टांगणीला लावला.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर काचवाली एकदा तिला घेऊन आली. तपासणी नव्हती. दुपारची जेवणाची सुटी होती, खोली रिकामी होती. मावशींनी मुलीला हातात घेतलं, तिच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, ते काही सुटेना. काचवाली तपासणीच्या टेबलाच्या कडेला बसली.

"घरात सगळे खूश आहेत," ती म्हणाली. "कुणी त्याचं नाव काढत नाही. मी काढलं की म्हणतात, वाचलीस ना, आता कशाला ते? बरोबर आहे त्यांचं. पण मावशी, तुम्ही तर पाहिलंत ना? दोन होते ना?"

पूर्वीच्या मावशी असत्या तर विषय बदलला असता.

"दोन होते," त्या म्हणाल्या. "दोन्हीचे ठोके मी पाहिलेत."

"किती आठवड्यांचं होतं?"

"सात."

काचवालीनं मान डोलावली. मुलगी मावशींच्या खांद्यावर झोपायला लागली होती.

"माझं किती आठवड्यांचं होतं ते मला माहीतच नाही," मावशी म्हणाल्या.

काचवालीनं चमकून वर पाहिलं. मग ती टेबलावर सरकली आणि तिनं मावशींना आपल्याशेजारी बसायला जागा करून दिली. सुटी संपायला अजून वीस मिनिटं होती. मावशींनी धुलाईखान्यापासून सांगायला सुरुवात केली.